किरणांचे भय आणि किरणांचा विवेक

उसाच्या पट्ट्यातील बारामती-इंदापूरकरांना मोठ्या तपासणीसाठी पूर्वी पुण्याची वाट धरावी लागे. बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, एक्स-रे, सी.टी. स्कॅन ही नावे आता वाड्यावस्त्यांवरही परिचित आहेत. हे स्वागतार्हच, परंतु सुविधेबरोबर विवेकही यावयास हवा. मोबाइलचा मनोरा उभा राहताच कर्करोगाच्या धास्तीने अस्वस्थ होणारा समाज डॉक्टरांकडे मात्र ‘एकदा स्कॅन काढूनच टाका’ असा आग्रह धरतो. वस्तुतः पेशीतील डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा मनोऱ्याच्या लहरींत नसते. ती क्ष-किरणांत असते.

अर्थात भयालाही प्रमाण हवे. निसर्गातून मनुष्याला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मिळतोच. छातीच्या एक्स-रेचा वाटा जेमतेम ०.१ इतका, पोटाच्या सी.टी. स्कॅनचा मात्र आठ-दहा मिलिसीव्हर्टपर्यंत जातो. केरळातील करुनागप्पळ्ळीच्या मोनाझाइटयुक्त किनाऱ्यावर नैसर्गिक किरणोत्सार अधिक आहे. तेथील सुमारे ७० हजार रहिवाशांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. उलट बालपणी वा तरुणपणी सी.टी. झालेल्या, नऊ युरोपीय देशांतील साडेनऊ लाखांहून थोड्या कमी व्यक्तींच्या २०२३ सालच्या अभ्यासात मात्रेबरोबर रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढताना दिसला. तो धोका दहा हजार मुलांमागे एखाद-दोन इतका, म्हणजे अल्प. पण शून्य नव्हे.

शास्त्रज्ञांत मतभेद असताना शहाणपणाचा मार्ग एकच: आवश्यक तेवढाच किरणोत्सार, शक्य तितका कमी. अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा स्कॅन भयापोटी टाळणे हा आत्मघात ठरेल. परंतु सोनोग्राफीने भागत असेल तर सी.टी. कशासाठी? जुन्या फिल्म सोबत नेल्या तर तीच तपासणी पुन्हा का करावी लागेल? लहान मुलासाठी यंत्राची मात्रा कमी केली आहे काय? स्त्रीने गर्भारपणाची कल्पना आधी दिली आहे काय? यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे काय? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे, तो रुग्णाचा अधिकार आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. अफवांना उत्तर अशा चिकाटीच्या नोंदींनीच मिळते. बारामती-इंदापूरच्या सुजाण नागरिकांनी भीतीपेक्षा या मार्गाचा आग्रह धरावा. भावी पिढीचे हित त्यातच आहे.