गाडी सांभाळते, मग आपण काय करायचं?

गेल्या आठवड्यात मेसमध्ये पोळी-भाजी बाजूला ठेवून चांगलंच भांडण झालं. विषय होता पुढच्या महिन्यातल्या लग्नाचा. आमच्या विंगमधल्या एकाच्या बहिणीचं नागपूरला लग्न आहे. सहा जणांनी समृद्धी महामार्गाने जायचं, एकाच्या बाबांची नवी एसयूव्ही घ्यायची आणि सबमिशन संपलं की त्याच रात्री अकराला निघायचं, असा बेत ठरला. मी फक्त एवढंच विचारलं, "चालवणार किती जण?" उत्तर आलं, "एकच. अरे, गाडीत एडास आहे! ती स्वतःच लेन धरते, स्वतःच ब्रेक मारते. टेन्शन कशाला घेतोस?"

टेन्शन का घेतो, ते मेसच्या गोंगाटात नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या उन्हाळ्यात मी ह्यूस्टनला आतेभावाकडे गेलो होतो. दादाकडे भलामोठा पिकअप ट्रक आहे. तिकडे पिकअप म्हणजे आपल्यासारखी भाजीची गाडी नव्हे, घरचीच गाडी! मागच्या हौद्यात तंबू, पाण्याचे कॅन, शेगडी आणि वहिनींनी दिलेला चिवड्याचा डबा टाकून आम्ही दोघं बिग बेंड नॅशनल पार्ककडे निघालो. एका बाजूचं अंतर नऊशे किलोमीटरच्या वर. त्यातला मोठा भाग इंटरस्टेट १० या रस्त्याचा. सॅन अँटोनिओ सोडलं, की हळूहळू झाडं, गावं, वळणं सगळंच कमी होत जातं. पश्चिम टेक्सासात वेगमर्यादा ताशी ८० मैल, म्हणजे जवळजवळ १२९ किलोमीटर!

दादाने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि त्याने हात मांडीवर ठेवले. गाडी आपली आपण चाललेली. पुढचा हळू झाला की ही हळू, रस्ता वळला की ही वळते. स्टिअरिंगच्या मागे एक छोटा कॅमेरा चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो. नजर रस्त्यावरून हटली की थोड्याच वेळात टुंग टुंग सुरू. पहिला तास मी अक्षरशः भारावलो होतो. खोटं कशाला बोलू, कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा सार्थक वाटलं!

ओझोना गावाच्या पुढे संध्याकाळ झाली. दादा माझ्या जीआरईबद्दल बोलत होता. नजर समोरच होती, कॅमेऱ्याची काही तक्रार नव्हती. आमच्या पुढची व्हॅन अचानक डावीकडच्या लेनमध्ये गेली आणि तिच्या आड लपलेली, लेनमध्येच बंद पडलेली एक गाडी समोर आली. मी ओरडलो, "दादा!" त्याने करकचून ब्रेक दाबला. थांबलो तेव्हा मध्ये फार जागा उरली नव्हती. मागच्या चिवड्याचं काय झालं ते सांगत नाही. यंत्रणेने स्वतःहून ब्रेक लावला असता की नाही, देव जाणे. ते बघायला आम्ही थांबलो नाही. पण रात्री तंबूत दादा जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, "मी बघत होतो रे, पण मला दिसलंच नाही."

कॅमेऱ्याला डोळे दिसतात. डोळ्यांमागे कोणी जागं आहे का, हे त्याला कळत नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. एसएईच्या जे३०१६ या मानकात स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा पातळ्या आहेत. दादाचा पिकअप काय किंवा लग्नाला जाणारी एसयूव्ही काय, दोन्ही फार तर पातळी २. म्हणजे स्टिअरिंग आणि वेग यंत्र बघेल, पण पूर्ण वेळ लक्ष ठेवायचं काम माणसाचं. जबाबदारीही माणसाचीच.

थांबलेली गाडी हे या यंत्रणांचं जुनं दुखणं आहे. रडार डॉपलरने सापेक्ष वेग मोजतं. आपण जेवढ्या वेगाने जातो तेवढ्याच वेगाने जे जे जवळ येतं ते स्थिर. पण पूल, पाट्या, कठडे हेही सगळं स्थिरच! प्रत्येकासाठी ब्रेक लावत बसलं तर गाडी चालायचीच नाही. म्हणून जास्त वेगात अशा स्थिर वस्तूंवर कितपत विश्वास ठेवायचा, हा अवघड प्रश्न होऊन बसतो. थांबलेल्या वाहनासाठी यंत्रणा ब्रेक लावेलच असं नाही, असा इशारा कितीतरी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल वाचतो कोण, हा भाग वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच इंटरस्टेट १० वर, सॅन अँटोनिओत, हात सोडून चालवायची यंत्रणा चालू असलेली एक कार रात्री लेनमध्ये थांबलेल्या कारवर आदळली. एक माणूस गेला. अमेरिकी सरकारने चौकशी लावली.

आणि आपल्याकडे? रात्री टेललाइट नसलेला ट्रक, टायर बदलताना मागे चार दगड मांडलेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे यंत्र जिथे सर्वात कच्चं, तीच परिस्थिती आपल्याकडे रोजची. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धीवर वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. तिथे एडासचा संबंध नव्हता, पण रस्ता हाच आणि वेळ रात्रीचीच.

कोणी म्हणेल, हा पठ्ठ्या तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे. मुळीच नाही! आपोआप लागणाऱ्या आपत्कालीन ब्रेकमुळे मागून होणाऱ्या धडका जवळपास निम्म्याने कमी होतात, असं अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात दिसलं आहे. पण तिथे कामाची वाटणी कशी आहे ते बघा. तुम्ही चालवता, यंत्र राखण करतं. हात सोडलेत की वाटणी उलटी होते. यंत्र चालवतं आणि राखण तुम्ही करता. यंत्राला कंटाळा येत नाही, म्हणून ते उत्तम राखणदार. माणूस मात्र या कामात कच्चा. १९४८ मध्ये मॅकवर्थ यांनी घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा लोकांना बघत बसायला लावला. कधीतरीच तो दुप्पट उडी मारायचा, ती पकडायची. अर्ध्या तासातच लोकांच्या चुका वाढल्या. ती माणसं जागरण करून आलेली नव्हती. आपला चालक दोन रात्री फाइल्स पूर्ण करून बसणार आहे!

हिशोब करू. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. भानावर यायला २ सेकंद, ६६ मीटर गेले. नंतर ७ मी/से² मंदनाने थांबायला आणखी ७९. एकूण १४५ मीटर. लो बीमचा उजेड शंभर मीटरसुद्धा नीट पोचत नाही. हे गणित फर्स्ट इयरचं आहे, पण रात्री दोन वाजता सुटत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एडास बंद करू नका. आपत्कालीन ब्रेक, लेनचा इशारा चालू असू द्या, पण हात स्टिअरिंगवरच ठेवा. आणि त्याला "दुसरा ड्रायव्हर" म्हणून मोजू नका. लायसन्स असलेले दोघं घ्या, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. सगळ्यात महत्त्वाचं, सबमिशनच्या रात्री झोपा आणि पहाटे निघा. हळद थोडी चुकेल, लग्न नाही चुकणार.

सरांनाही एक नम्र विनंती. पातळ्यांचा तक्ता परीक्षेत येतो, आम्ही पाठ करतो. त्या तक्त्यात बसलेल्या माणसावरही एक लेक्चर घ्या. कारण उद्या या यंत्रणा आमच्यापैकीच कोणीतरी बनवणार आहे.

आणि हो, दुसरा ड्रायव्हर म्हणून मी यायला तयार आहे. चिवडा मात्र पुढे ठेवायचा!