बजीच्या पाण्यात थेंब टाकण्याआधी

सांगलीत विश्रामबागेत माझं औषधांचं दुकान आहे. तान्ह्या बाळांचे मल्टिव्हिटॅमिनचे थेंब मी बजीसाठी विकत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, कधी तणतणत पुढच्या दुकानात जातं, तरीही देत नाही. याचं कारण काउंटरवर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

बजी म्हणजे आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड’ या नावाने जोडीने मिळणारा हिरवा, निळा किंवा पिवळा छोटा पोपट. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला, त्यामुळे तो पाळता येतो. सांगली-मिरजेच्या फ्लॅटच्या गॅलऱ्यांत तो आहे, आणि माझ्या माहेरी साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या पडवीतही आहे. पिंजरा, आत टांगलेलं एक मडकं, एक पाण्याची वाटी आणि एक राळ्याची वाटी, एवढा त्याचा संसार. मग एक दिवस पक्षी पिसं फुगवून बसतो, आवाज बसतो, पिल्लं कमजोर निघतात. कोणीतरी सांगतं, पाण्यात व्हिटॅमिन टाका. कोणी माझ्याकडे बाळाचे थेंब मागायला येतं, कोणी पोल्ट्रीच्या औषधांच्या दुकानातून कोंबड्यांचं लिक्विड आणतं.

या पक्ष्यांना जीवनसत्त्वं कमी पडतात, हे मात्र खरं आहे. ‘त्यांना काही लागत नाही, राळं घातलं की झालं’ म्हणणाऱ्यांशीही माझं तेवढंच भांडण आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर बजीचे थवे गवताच्या बियांमागे दूरदूर फिरतात. तिथे अनेक जातींचं गवत असतं आणि कित्येक बिया कोवळ्या, दूध भरलेल्या असतात. आपण त्याला बारा महिने एकच वाळलेलं धान्य घालतो. राळं वाईट नाही. जत-आटपाडीकडच्या जुन्या माणसांनी राळ्याचा भात पोटभर खाल्ला आहे, पण त्यांनीसुद्धा नुसत्या राळ्यावर जन्म काढला नाही. राळ्यात ए जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, कॅल्शियम अपुरं पडतं, आयोडीन नगण्य असतं, आणि डी-३ तर कुठल्याच धान्यातून मिळत नाही. ए कमी पडलं की नाक, तोंड, घसा यांचं आतलं ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होतं. तिथे जंतू शिरतात, शिंका येतात, डोळ्यांभोवती सूज दिसते.

आयोडीनचं तर एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलं. मिरजेहून एक काका बुटाच्या खोक्यात बजी घेऊन आले होते. खोक्याचं झाकण उघडलं तर पक्षी दांडी नसतानाही दांडीवर बसल्यासारखा ताठ, मान वर केलेली. प्रत्येक श्वासाला बारीक ‘टिक्’ असा आवाज येत होता आणि शेपूट पंपाच्या दांड्यासारखी खालीवर होत होती. काकांना सर्दीचं औषध हवं होतं. मी त्यांना पशुवैद्यकांकडे पाठवलं. तिथे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुजल्याचं निघालं, म्हणजे गलगंडच. ही ग्रंथी वाढली की श्वासनलिका आणि अन्नाची पिशवी दोन्ही दाबते, त्यामुळे श्वासात आवाज येतो आणि खाल्लेलं उलटून पडतं. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या बजीत हा आजार पूर्वापार नोंदलेला आहे. माणसांसाठी आपण मिठात आयोडीन घातलं. बजीला मीठ द्यायचं नसतं, त्यामुळे ती सोय त्याच्यापर्यंत पोचत नाही. काकांच्या पक्ष्याला डॉक्टरांनी मोजून आयोडीन दिलं, खाणं बदलायला लावलं, आणि तो सावरला. त्याला पूरक औषध लागलं होतं हे खरं, पण कुठलं आणि किती, हे तपासणाऱ्याने ठरवलं होतं.

आता थेंबांचा हिशेब. सात किलोच्या बाळाला रोज डी जीवनसत्त्वाची ४०० एककं देण्याची शिफारस असते. बजीचं वजन साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे त्या एका बाळाच्या वजनात २०० बजी बसतात. वजनाच्या प्रमाणात एका बजीच्या वाट्याला दोन एककं येतात. ज्या औषधाच्या एका मिलिलीटरमध्ये ४०० एककं आहेत, त्याच्या एका थेंबात साधारण वीस असतात. पक्ष्याची गरज माणसाच्या वजनावरून काटेकोर काढता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण एका थेंबाने आपण कुठल्या कुठे जातो ते एवढ्यावरूनही कळावं. ए आणि डी चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं. बी गटातली जास्त झाली तर बरीचशी शरीराबाहेर पडतात. ही दोन साठत जातात. डी फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडात त्याचे थर बसतात. बाहेरून पक्षी फक्त सुस्त दिसतो, जास्त पाणी पितो. तेव्हा घरचे म्हणतात, अजून अशक्तपणा आहे, आणखी एक थेंब टाका.

कोंबड्यांच्या लिक्विडची गोष्ट याहून घातक. त्याच्या लेबलवर ‘१०० पक्ष्यांमागे इतके मिलिलीटर’ असं लिहिलेलं असतं. तिथे पक्षी म्हणजे कोंबडी. दीड किलोची कोंबडी आणि ३५ ग्रॅमचा बजी यांना लेबलवर एकच शब्द आहे, आणि घरात कोणी मापाचं झाकण अर्ध्यावर भरून ‘थोडंसंच टाकलंय’ म्हणतं.

शिवाय पाण्यात टाकलेलं जीवनसत्त्व पक्ष्याच्या पोटात किती जातं? बजी मुळात कोरड्या प्रदेशातला, दिवसाला काही मिलिलीटर पाणी पितो. पाण्याची चव किंवा रंग बदलला तर त्याहून कमी पितो. उजेडात आणि उन्हात ही जीवनसत्त्वं लवकर नासतात, आणि थेंबांनी गोड झालेल्या पाण्यात जंतू वाढतात. एप्रिलमध्ये सांगलीत दुपारी गॅलरीत ठेवलेली वाटी संध्याकाळी बोट घालून बघा, कडेला बुळबुळीत थर लागलेला असतो. उन्हाळ्यात स्वच्छ पाणी ही त्याची पहिली गरज, आणि आपण तेच बिघडवतो.

दाण्यांवर भुरभुरायच्या पावडरीही मिळतात. पण बजीला खाताना जरा जवळून बघा. चोचीत दाणा घेतो, जिभेने फिरवतो, वरचं टरफल अलगद सोलून टाकतो आणि आतला पांढरा कण तेवढा गिळतो. पावडर टरफलाबरोबर खाली. तीच टरफलं वाटीत वर साचतात आणि वाटी भरलेली दिसते. पुष्कळ घरांत पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी असतात. रोज सकाळी वाटीवर फुंकर घाला, टरफलं उडाली की खाली किती दाणे उरलेत ते दिसेल.

जीवनसत्त्व नावाची गोष्टच माणसाला पक्ष्यांच्या वाटीतून कळली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगातल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि पुढे त्या आपोआप बऱ्या झाल्या. तपासल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना सैनिकांच्या रुग्णालयातला पॉलिशच्या तांदळाचा पांढरा भात घातला जात होता. नव्या स्वयंपाक्याने तो कोंबड्यांना द्यायला नकार दिला, हातसडीचा तांदूळ सुरू झाला आणि त्या उठून चालू लागल्या. कोंड्यात असं काय आहे, या प्रश्नातून पुढे बी-१ सापडलं. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी ‘व्हिटामिन’ हे नाव दिलं, आणि १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल मिळालं. त्या कोंबड्या वाटीतलं धान्य बदलल्यावर बऱ्या झाल्या. बजीच्या बाबतीतही पहिला उपाय तोच आहे.

आणि तो सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत फुकटासारखा आहे. शेवग्याचा पाला परसात असतो. त्यात ए तयार करणारं कॅरोटीनही आहे आणि कॅल्शियमही. मेथी, कोथिंबीर, लाल भोपळ्याचा कीस, ढोबळी मिरची, मक्याचं कोवळं कणीस हे सगळं चालतं. महाबळेश्वर-पाचगणीची गाजरं साताऱ्याच्या बाजारात पाल्यासकट मिळतात. गाजर किसून द्या, पालाही द्या. पालक अधूनमधूनच, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवतं. अव्होकॅडो बजीला विषारी आहे, ते कधीच नको. तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूला राहणाऱ्यांनी द्राक्षबागेच्या बांधावरचा पाला आणू नये, तिथे औषधाची फवारणी झालेली असते. बाजारची भाजीही दोन-तीन पाण्यांतून काढा.

‘आमचा खातच नाही’ अशी तक्रार हमखास येते. बजी नवीन पदार्थाला घाबरतो, कधी कित्येक आठवडे. पाण्याने निथळणारी मेथीची जुडी पिंजऱ्याच्या छताला टांगून ठेवा. आमच्याकडचा निळा नर आधी लांबून बघत राहिला, मग पानांवर अंग घासून अंघोळ करू लागला, आणि भिजलेल्या पिसांनिशी एका पानाचा कोपरा त्याने कुरतडला. त्यानंतर मागे बघितलं नाही. मात्र भाजी खावी म्हणून राळं बंद करू नका. एवढा छोटा जीव उपास सहन करू शकत नाही.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो पिंजऱ्याला बांधा. कॅल्शियम अंगी लागायला डी-३ हवं, आणि ते अंगावर ऊन पडल्यावर तयार होतं. बंद काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, काच ते नेमके किरण अडवते. सकाळचं कोवळं ऊन उघड्यावर द्या, अर्धा पिंजरा सावलीत ठेवा, मांजरावर लक्ष ठेवा. आणि अंडी घालायचं ते मडकं वर्षभर आत टांगून ठेवू नका. मादी एका वेळी चार-सहा अंडी घालते. एका पाठोपाठ एक विणी होत राहिल्या की तिचं कॅल्शियम संपतं, आणि अंडं अडकून ती जाते. मडकं काढून ठेवण्याने जितक्या माद्या वाचतील तितक्या कुठल्याही थेंबाने वाचणार नाहीत.

पूरक औषध कधीच नको, असं मी म्हणत नाही. आजारातून उठलेला पक्षी, अंड्यावरची मादी, ज्याची कमतरता तपासून कळली आहे असा पक्षी, यांना ते द्यावं लागतं. पण तेव्हा वजन ग्रॅममध्ये माहीत हवं, औषध पक्ष्यांसाठी बनवलेलं हवं, आणि मात्रा डॉक्टरांनी लिहून दिलेली हवी. जो पक्षी बजीसाठी बनवलेल्या तयार पेलेट्स खातो त्याला वरून आणखी जीवनसत्त्वं देऊ नयेत, त्यात ती घातलेलीच असतात. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. ३५ चे ३१ झाले तर दहाव्या हिश्शाहून जास्त वजन गेलं. त्या दिवशी डॉक्टर गाठायचे.

डॉक्टर गाठायचे कुठे, ही खरी अडचण आहे. आपल्याकडचे पशुवैद्यक गाई-म्हशी आणि कुत्र्यांत बुडालेले असतात. ३५ ग्रॅमचा रुग्ण त्यांच्याकडे क्वचित येतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या महाविद्यालयाने दोन्ही जिल्ह्यांच्या पशुसर्वचिकित्सालयांत पाळीव पक्ष्यांसाठी ठरावीक दिवशी तपासणी सुरू करून द्यावी आणि आहाराचं एक पानी मराठी पत्रक काढावं. माझ्या दुकानात ते मी स्वखर्चाने छापून ठेवीन.

तोवर पक्षी विकणाऱ्या दुकानदारांना आणि माझ्या औषधविक्रेत्या बंधू-भगिनींना कळकळीची विनंती आहे. जोडीबरोबर बाटली देऊ नका, बजीसाठी बाळाचे थेंब विकू नका. राळ्याच्या पुडीबरोबर समुद्रफेसाचा तुकडा द्या, रोज हिरवा पाला घाला असं सांगा, आणि जवळच्या पशुवैद्यकांचा नंबर पिशवीवर लिहून द्या.