तिचे बोल तिनेच लिहावेत

तीन जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त शाहूवाडी तालुक्यातील डोंगरकपारीच्या शाळांतूनही एखादी विद्यार्थिनी लुगडे नेसून उभी राहते आणि 'मी सावित्री बोलते' असे म्हणत भाषण करते. ते बहुधा गुरुजींनी लिहून दिलेले असते. पाठांतर तेवढे मुलीचे. जिने १८४८ पासून मुलींच्या हाती लेखणी दिली, तिच्याच जयंतीला बोलणाऱ्या मुलीच्या हाती लेखणी नसावी, ही विसंगती आमच्या शिक्षकबंधूंनी ध्यानी घ्यावी.

या संदर्भात सुषमा देशपांडे यांच्या कारकिर्दीचे स्मरण होते. १९८९ साली 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग त्यांनी स्वतःच लिहिला आणि स्वतःच सादर केला. पुढे 'तिच्या आईची गोष्ट, अर्थात माझ्या आठवणींचा फड' यात त्यांनी तमाशातील स्त्रीचे जगणे मांडले, तर 'बया दार उघड'मध्ये संतकवयित्रींना बोलते केले. मोठ्या नाटकाचा पसारा आडवळणाच्या गावी नेणे कोणास परवडणार? एकटी अभिनेत्री आणि तिची संहिता मात्र शाळेच्या पटांगणातही उभी राहू शकते.

मराठी रंगभूमीवर हे सहजासहजी घडलेले नाही. हिराबाई पेडणेकर यांनी १९०४ मध्ये 'जयद्रथ विडंबन' लिहिले. त्यांचे 'संगीत दामिनी' १९१२ मध्ये कोल्हापूरच्याच केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श'ने रंगभूमीवर आणले. परंतु त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. शब्द बाईचे असले तरी ते पुरुषमुखातूनच प्रेक्षकांपर्यंत जात. पुढे स्त्रिया रंगमंचावर आल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला बहुतांशी पुरुषांनी लिहिलेले संवाद आले. लेखणी आणि वाणी एकाच स्त्रीच्या ठायी येण्यास त्यानंतरही पुष्कळ काळ जावा लागला.

प्रत्येक नटीने लेखिका व्हावे, असा आमचा आग्रह नाही. दुसऱ्याच्या संहितेत प्राण ओतणे ही थोर कलाच आहे. परंतु स्त्रीचे दुःख आणि तिचा स्वाभिमान इतरांनीच शब्दांत बांधावा आणि तिने तो केवळ वठवावा, हा शिरस्ता बनला की तिची स्वतःची भाषा मुकी होते. शाळेत हीच सवय लागलेली मुलगी पुढे ग्रामसभेत तरी स्वतःचे म्हणणे कसे मांडणार?

म्हणून येत्या जयंतीस एक साधा प्रयोग करावा. मुलींना सांगावे की, आपल्या आजीला विचारा, ती शाळेत किती वर्षे गेली आणि ती शाळा का सुटली. जे कळेल ते घरच्या बोलीत लिहावे आणि तेच सभेत बोलावे. शुद्धलेखन गुरुजींनी जरूर तपासावे. आशयाला मात्र हात लावू नये.