जुने मळणीयंत्र घेताय? आधी तोंडाचा पत्रा पाहा

सुगी जवळ आली की गावोगाव जुन्या मळणीयंत्रांचे सौदे सुरू होतात. एखाद्याने मोठे मशीन आणलेले असते, त्याला धाकटे खपवायचे असते. एखाद्याने ट्रॅक्टर विकला म्हणून मशीन दारात गंजत पडलेले असते. घेणारा बहुधा तीन-चार एकरवाला. त्याचे म्हणणे सरळ असते. भाड्याचे मशीन वेळेवर मिळत नाही, सुडी पावसात भिजते, मग आपलेच एक जुनेपाने असलेले काय वाईट? म्हणणे चुकीचे नाही. पण २०२५ पासून या सौद्याचा हिशेब बदलला आहे आणि विकणारा तो आपणहून सांगणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मळणी व कापणीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून एक लाखाचे जे मशीन पूर्वी १ लाख १२ हजारांना पडे, ते आता १ लाख ५ हजारांना पडते. विकणारा मात्र आपले जुने बिल पुढे करून 'एवढ्याला घेतलं होतं' म्हणतो. ते बिल बघायचेच नाही. दुकानात जाऊन तशाच नव्या मशीनचे आजचे दरपत्रक आणायचे आणि बोलणी तिथून खाली सुरू करायची.

दुसरी गोष्ट अनुदानाची. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारक, महिला व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्के, इतरांना ४० टक्के मिळते. ते फक्त नव्या यंत्राला. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची असते, आधी घेतले तर अनुदान गेले. अडचण अशी की पैसे आधी स्वतःचे घालावे लागतात, अनुदान मागाहून खात्यात येते. ज्याच्याकडे तेवढी रोकड नाही तो जुन्याकडे वळतो. म्हणजे ज्याच्यासाठी योजना काढली तोच तिच्याबाहेर राहतो, हे तालुक्याच्या कचेरीतही सगळ्यांना माहीत आहे.

आता परवडते का, ते पाहू. राज्यात १९७०-७१ साली सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे सव्वातीन एकर. समजा खरिपाचे सोयाबीन आणि रब्बीचा थोडा गहू-हरभरा मिळून ३५ क्विंटल माल निघाला आणि भाड्याची मळणी क्विंटलला २५० रुपये पडली, तर वर्षाचे ८,७५० रुपये होतात. साठ हजारांचे जुने मशीन बारा टक्क्यांच्या कर्जाने घेतले तर व्याजच ७,२०० रुपये. पट्टे, बेअरिंग, डिझेल वेगळे. घरचा ट्रॅक्टर नसेल तर त्याचे भाडे आणखी वेगळे. एकट्या सव्वातीन एकरवाल्याला हे जमत नाही, सरळ सांगायचे तर. भावकीतल्या तीन-चार घरांनी मिळून घेतले, एकाकडे तरी ट्रॅक्टर असला, तर जमते.

घ्यायचे ठरले तर मशीन रिकामे चालवून दाखवतात त्याला भुलू नका. रिकामे सगळेच गोड चालते. सुडीचे चार-पाच भारे घालून चालवायला लावा. नवा रंग दिसला तर जास्तच बारकाईने बघा, रंगाखाली वेल्डिंग लपते. मशीन पूर्ण बंद करून, ट्रॅक्टरपासून सोडवून ड्रम हाताने फिरवा. एकाच जागी येऊन थांबत असेल तर एक बाजू जड आहे. मोडलेल्या दात्यांच्या जागी कमी-जास्त वजनाचे दाते ठोकले की असे होते, मग मशीन थरथरते आणि बेअरिंग खाते. शाफ्टला धरून वरखाली हलवा, खडखड आली तर नुसत्या बेअरिंगवर भागते की शाफ्टच झिजला आहे ते फिटरला विचारा. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत असेल तर पट्टा तळाला टेकतो आहे, म्हणजे पुली झिजली. पट्टा बदलून ते दुखणे जात नाही.

सोयाबीनवाल्यांनी एक गोष्ट मुद्दाम विचारावी : फेरे कमी करायची दुसरी पुली आहे का? गव्हाला लागणाऱ्या वेगावर सोयाबीन घातले की डाळ होते, आणि जे दाणे अख्खे दिसतात त्यांच्याही साली फुटतात, उगवण जाते. बियाण्यासाठी ठेवायच्या सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००, १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० ठेवावेत, अशी शिफारस आहे. जाळ्या आणि चाळण्या पिकागणिक वेगळ्या लागतात. त्या 'घरी असतील, नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून नंतर मिळत नाहीत. भुसकट ताडपत्रीवर घेऊन चाळून पाहा. त्यात अख्खे दाणे दिसले तर पंख्याची हवा किंवा चाळणी चुकते आहे, हे बहुधा सुधारता येते. पोत्यात फुटके दिसले तर वेग किंवा जाळीचे अंतर चुकते आहे.

हे सगळे पैशाचे झाले. खरी पाहायची जागा मशीनचे तोंड आहे. काड आत सरकवण्याचा पत्रा भारतीय मानकाप्रमाणे किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातला ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचू नये एवढ्यासाठीच ही लांबी. जुन्या मशीनवर हा पत्रा बरेचदा कापलेला असतो, कारण आखूड तोंडातून काड भराभर जाते आणि दिवसाला चार पोती जास्त निघतात. सौद्याला जाताना खिशात टेप ठेवा. पत्रा आखूड असेल तर गावातला वेल्डर तो लांब करून देतो, त्याचा खर्च किमतीतून कापून घ्या. पीटीओच्या शाफ्टवरचे आवरणही बहुतेक ठिकाणी गायब असते. पदर, ओढणी, गळ्यातला पंचा त्यात एकदा अडकला की ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. मळणी रात्री चालते, तोंडावरचा माणूस पेंगुळलेला असतो, हे वेगळे सांगायला नको.

धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ पासून आहे. मळणीयंत्र त्यात येते आणि अपघाताची भरपाई मालकावर येऊ शकते. म्हणजे भावकीत मशीन घेतले की मालकीबरोबर ही जबाबदारीही वाटून येते. कोणाच्या नावाने घेतले, हिस्सा किती, हे कागदावर असावे. विकणाऱ्याकडूनही लिहून घ्यावे की यंत्रावर बँकेचा वा सोसायटीचा बोजा नाही. ते अनुदानावर घेतलेले असेल तर ठरावीक मुदतीत विकणार नाही असे हमीपत्र त्याने दिले आहे का, तेही विचारावे. कृषी सहायकाकडे (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणायचे) चौकशी केली तर हे कळते.

अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा वा एक अवयव गेल्यास एक लाख. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत प्रस्ताव द्यावा लागतो, सोबत पंचनामा वा पोलीस पाटलांचा अहवाल लागतो. 'आपसात मिटवू' म्हणून तो केला नाही की प्रस्ताव अडतो. पोलीस पाटील आणि सरपंचांनी इथे घाई करावी. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरच्या एका सदस्यासाठी आहे. तोंडावर काड लावणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो, त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून तो यात बसत नाही.

त्याच्यासाठी बँकेतली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना उरते : वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, मृत्यूला दोन लाख, एक हात कायमचा निकामी झाल्यास एक लाख. सुगीआधी मशीनवर येणाऱ्या चार-पाच जणांची खाती तपासून हे हप्ते मालकाने भरायला हरकत नाही, सगळ्यांचे मिळून एका पट्ट्याएवढेही होत नाहीत. मात्र नुसती दोन-तीन बोटे गेली तर या विम्यातून काही मिळत नाही, आणि मळणीयंत्रात बोटेही जातात.