टाळ कोणत्या पक्षाचा?

कास्तकार बंधूंनो, पारावर दहा मिनिटे बसले की हल्ली एकच वाक्य कानावर येते, 'सगळे सारखेच हायेत राजेहो, आपल्याले काय करायचं?' हे वाक्य उगाच आलेले नाही. जून 2022 मध्ये एक पक्ष फुटला, जुलै 2023 मध्ये दुसरा. ज्या चिन्हावर शिक्का मारला ते कोणाच्या पदरात पडले, हे आपल्याला निवडणूक आयोगाच्या निकालावरून कळले. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सदस्यच नव्हते, प्रशासक होता. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, पण कित्येकांनी त्याहून बराच खाली माल देऊन टाकला. जाब विचारायचा तर कोणाला? जिल्हा परिषदेत आपला माणूसच नव्हता.

काळ वाईट आहे, हे कबूल. पण आपल्या विदर्भाने याहून वाईट काळ पाहिला आहे.

1942 साल आठवा. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरत होते. खंजिरी म्हणजे काय, तर लाकडी कड्यावर ताणलेले चामडे आणि कड्याला लावलेल्या झांजा. खर्च म्हणाल तर जवळपास नाहीच. पण भाषणाला न येणारा माणूस भजनाला येऊन बसे. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर आणि आष्टी पेटले. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरचा तुरुंग झाला, डिसेंबरमध्ये सुटका झाली.

चिमूरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण अर्धीच सांगतो. गोळीबारात गावची माणसे गेली, तसे जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मग लष्कर आले आणि चिमूरने, विशेषतः तिथल्या बायाबापड्यांनी, जे सोसले ते बोलवत नाही. गाण्याने माणूस पेटतो. पण पेटलेला माणूस घरी परतल्यावर काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

तुरुंगातून सुटल्यावर महाराजांनी लक्ष घातले ते याच प्रश्नात. गावोगाव गुरुदेव सेवा मंडळे उभी राहिली. सांजवेळी सामुदायिक प्रार्थना, पहाटे रामधून, आणि रामधून निघण्याआधी गल्ली झाडून काढायची. प्रार्थना अशी की कोणत्याही धर्माच्या माणसाला बसता यावे. पुढे पन्नाशीच्या दशकात ग्रामगीता आली, तिच्यात तर शेतीपासून निवडणुकीपर्यंत सगळा गावगाडा आहे. माझ्या मते महाराजांचे मोठे काम आवेशाच्या भजनापेक्षा या रोजच्या बसण्यात आहे. रोज शेजारी बसणाऱ्याला 'आपल्याले काय करायचं' म्हणणे जड जाते.

आता शेगावकडे या. इथे संस्थान आहे, आणि दरवर्षी आषाढीसाठी श्रींची पालखी पायी पंढरपूरला जाते. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, तेव्हा किती गावे सुनी वाटली ते तुम्हीच आठवा. हेच संस्थान खेड्यापाड्यातल्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि संतांचे ग्रंथ देत आले आहे. म्हणजे साधन आपल्या दारात आहे. अडचण दुसरीच आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की मंडळ फुटते. पडलेला गट सत्ताधाऱ्यांच्या ओट्यावर भजनाला येत नाही. मृदंग एकाकडे, टाळांची पेटी दुसऱ्याकडे. अशी गावे तुम्हालाही ठाऊक आहेत. एखादा पुढारी सप्ताहाचा मांडव देतो, बदल्यात मांडवावर त्याचा फोटो लागतो आणि काल्याच्या दिवशी माईक त्याच्या हातात. वर्गणी पाच-पाच रुपयांनी गोळा करणे जिवावर येते, म्हणून हे होते. दोष एकट्या पुढाऱ्याचा नाही.

भजन जमत नसेल तर भजनच हवे असे नाही. जयंतीला पोरे भीमगीते बसवतात, मोहल्ल्यात कव्वाली होते, शाळेत गुरुजी नाटुकले करून घेतात. प्रश्न इतकाच की त्या दिवशी दुसऱ्या वस्तीतला माणूस येऊन बसतो का.

सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) यांनाही एक सांगायचे आहे. कायद्याने ग्रामसभेला 100 किंवा 15 टक्के मतदार, यातला कमी असेल तो आकडा लागतो. तो भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून दहा-बारा सह्यांवर ठराव होतात. त्याच गावात एकादशीला साठ-सत्तर माणसे, बाया धरून, रात्री उशिरापर्यंत बसतात. मग ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी भजन ठेवा, आणि आरती झाली की उद्याचे विषय वाचून दाखवा. नळयोजनेचा हिशेब सगळ्यांदेखत वाचला जाऊ द्या. कोणी प्रश्न विचारला तर रागावू नका.

हमीभाव याने वाढणार नाही, ते मला कळते. तो दिल्लीतच ठरायचा. पण तिथे जायला निदान वीस माणसे एकत्र निघावी लागतात, आणि ती ओळखीची असावी लागतात.

तोवर एक करा. तुमच्या गावच्या टाळांची पेटी कोणाच्या घरी आहे ते पाहा. देवळात आणून ठेवा, आणि किल्ली दोन्ही गटांकडे एकेक द्या.