कृत्रिम सूर्य आणि ऊर्ध्व वर्धेचे पाणी

अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाचा विचार करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची परिषद १९५५ साली जिनिव्हात भरली. तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. हायड्रोजनच्या संमीलनातून मिळणारी ऊर्जा दोन दशकांत माणसाच्या नियंत्रणात येईल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. सात दशके उलटली, तरी त्या ऊर्जेवर एकही गाव उजळलेले नाही.

म्हणून संशोधकांची हेटाळणी करण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा खर्चून मिरीएवढ्या इंधनगोळीतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळविली. विज्ञानाच्या दृष्टीने हा मोठाच टप्पा होय. मात्र ते लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती, आणि जगभर गाजलेल्या ‘नफ्या’त ती धरलेली नव्हती. वऱ्हाडातील कापूस उत्पादकाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. २०१८ पासून सरकार ज्या दीडपट हमीभावाची ग्वाही देते, त्यातही घरच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज खर्चात धरलेले नसते. (त्या प्रयोगशाळेचे मुख्य काम हायड्रोजन बॉम्बचा साठा सांभाळण्याचे आहे, हेही विसरता कामा नये.)

या विद्येचा पाया जनतेच्या पैशावर घातला गेला. गांधीनगरजवळचे ‘आदित्य’ हे यंत्र १९८९ पासून सार्वजनिक निधीतून चालले. फ्रान्समधील ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत २००५ साली सामील झाला. परंतु फळ दृष्टिपथात येते न येते तोच भांडवलदार कुंपण घालू लागले आहेत. २०२८ पासून संमीलनाची वीज विकत घेण्याचा करार मायक्रोसॉफ्टने एका खाजगी कंपनीशी २०२३ मध्येच केला. त्या वेळी अशी वीज देणारे यंत्र जगात कोठेही नव्हते!

अमरावतीकरांचा याच्याशी संबंध काय? संमीलनाच्या बहुतेक आराखड्यांत अखेर उष्णतेने पाण्याची वाफ करून जनित्रेच फिरवायची आहेत. कोळसा जाईल, परंतु थंडाव्यासाठी लागणारे पाणी लागेलच. नांदगाव पेठ येथे १,३५० मेगावॅटचे खाजगी औष्णिक केंद्र उभे राहिले, तेव्हा संघर्ष कोळशासाठी झाला नव्हता. मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे सिंचनाचे पाणी त्या केंद्राला दिले गेले, म्हणून शेतकरी रस्त्यावर आले. जिल्ह्यात वीज निर्माण होऊ लागली, तरी कृषिपंपाच्या शेतकऱ्याची रात्रीची पाळी सुटली नाही. थंडीच्या रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला तो बॅटरी घेऊन बांधावर जातच राहिला.

तेव्हा मागणी आजच नोंदविली पाहिजे. इंधन कोणतेही असो, वीज केंद्राला धरणाचे पाणी देण्याचा करार लाभक्षेत्रातील ग्रामसभांच्या संमतीवाचून होता कामा नये, आणि सार्वजनिक संशोधनातून निघालेल्या तंत्राची मालकीही सार्वजनिकच राहिली पाहिजे. अमरावती-अकोल्यातील कार्यकर्त्यांनी पाणीवाटपाच्या सभांमध्ये हा विषय आतापासूनच मांडावा.