डाइव्ह कॉम्प्युटर साधा घ्या, पण स्वतःचा घ्या

तारकर्ली, गोवा किंवा अंदमानात ‘ओपन वॉटर’ कोर्स करून आलेला माणूस महिन्याभरात एक प्रश्न हमखास विचारतो, ‘डाइव्ह कॉम्प्युटर कोणता घेऊ?’ दुबई-शारजात नोकरी करणारे आपले कोकणी भाईबंद सुट्टीच्या दिवशी फुजैराच्या समुद्रात उतरू लागलेत, त्यांचाही हाच प्रश्न. उत्तर म्हणून त्यांना एखाद्या मॉडेलचं नाव हवं असतं. ते सांगणं सोपं आहे. पण हे यंत्र कशासाठी घ्यायचं हेच नीट कळलं नसेल, तर पन्नास हजारांचं यंत्रही मनगटावरचं शोभेचं घड्याळ ठरतं.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर आपण पृष्ठभागाच्या तिप्पट दाबाची हवा श्वासात घेतो आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत राहतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडला तर ठीक. घाई झाली, तर सोड्याची बाटली फटकन उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे होतात. त्यातून सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. त्यावरच्या उपचारासाठी लागणारं चेंबर गावोगावी नसतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

हा हिशेब शास्त्रशुद्धपणे मांडला तो जॉन स्कॉट हाल्डेन यांनी, १९०८ साली, शेळ्यांवर प्रयोग करून. शरीर म्हणजे वेगवेगळ्या वेगाने भरणारे आणि रिकामे होणारे पाच कप्पे आहेत, असं त्यांनी मानलं. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी सोळा कप्प्यांचं गणित बांधलं. त्यातला सर्वांत वेगवान कप्पा ४ मिनिटांत अर्धा भरतो, सर्वांत मंद कप्प्याला ६३५ मिनिटं लागतात. आजचे बरेच डाइव्ह कॉम्प्युटर हेच गणित किंवा त्याची भावंडं वापरतात. छापील तक्ता सगळी डाइव्ह सर्वांत खोल जागीच झाली असं धरून चालतो. कॉम्प्युटर मात्र दर काही सेकंदांनी खोली मोजून नवा हिशेब करतो, म्हणून खाली जास्त वेळ मिळतो.

६३५ मिनिटं म्हणजे साडेदहा तासांहून जास्त, आणि तेवढ्यात तो कप्पा फक्त अर्धा रिकामा होतो. म्हणजे आजच्या डाइव्हचा नायट्रोजन उद्या सकाळीही थोडा अंगात असतोच. डाइव्ह कॉम्प्युटर ही वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखी गोष्ट आहे. कालची बाकी पुढे ओढूनच आजचा हिशेब मांडावा लागतो. आता विचार करा, काल एक भाड्याचा कॉम्प्युटर बांधला आणि आज दुसरा हाती आला, तर नव्या यंत्राच्या लेखी तुम्ही कोरे करकरीत असता. किंवा उलटं होतं. काल तो दुसऱ्या कुणी वापरलेला असतो आणि त्याची उधारी तुमच्या नावावर चढते. दोन्ही आकडे खोटेच.

म्हणून माझं पहिलं मत ठाम आहे. मास्कनंतर विकत घ्यायची वस्तू म्हणजे कॉम्प्युटर. सूट, फिन्स, जॅकेट, सगळं भाड्याने चालेल. हिशेबाची वही उसनी चालत नाही.

‘गाइडच्या हातात आहे की!’ हे उत्तर आपल्याकडे फार ऐकू येतं. पण गाइड २२ मीटरवर असतो तेव्हा तुम्ही मासा बघायला २६ मीटरवर उतरलेले असता. काल तुम्ही किती डाइव्ह केल्या, हे त्याच्या यंत्राला ठाऊक नसतं. पाडीच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात आणि ३० मीटरवर फक्त २०. चार-सहा मीटरच्या फरकाने हिशेब किती बदलतो, याचा यावरून अंदाज यावा. गाइड वाट दाखवतो. तुमच्या रक्तातला नायट्रोजन मोजायची जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही.

मग घ्यायचा कोणता? दुकानदार आधी रंगीत पडदा, ब्लूटूथ आणि टाकीतला दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर दाखवतो. साध्या यंत्राच्या चौपट-पाचपट किंमत इथंच होते. यातलं काही वाईट नाही, पण ४० मीटरच्या आत, हौस म्हणून डाइव्ह करणाऱ्याला त्यातलं अत्यावश्यक असं काहीच नाही. टाकीचा दाब दाखवायला साधा गेज असतोच. मी तीन गोष्टी बघायला सांगेन.

पहिली, आकडे वाचता येतात का. मालवणच्या गढूळ पाण्यात, ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांना, बारीक अक्षरांचा देखणा पडदा काय कामाचा? खोली, वेळ आणि उरलेली मिनिटं एका नजरेत दिसली पाहिजेत.

दुसरी, बॅटरी. नाण्याएवढा सेल घरी बदलता येणारं यंत्र बेटावर कामाला येतं. सेल बदलायला यंत्र सर्व्हिस सेंटरला पाठवावं लागणार असेल, तर ते सेंटर कोणत्या शहरात आहे ते आधी विचारा. आखातातल्या मेहुण्याकडून मागवणाऱ्यांनी तर वॉरंटी भारतात चालते का, हे पैसे देण्याआधीच विचारावं. रोज रात्री चार्ज करावं लागणारं स्मार्टवॉच घ्यायचं असेल, तर होडीवर राहण्याच्या सहलीत चार्जिंगची सोय काय, हेही बघावं.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, यंत्र किती सावध आहे आणि ती सावधगिरी आपल्याला वाढवता येते का. इथं एक गैरसमज पक्का बसलाय. ‘अमुक कंपनीचा फार लवकर वर बोलावतो, तमुक जास्त वेळ देतो, तोच घ्या.’ ही जास्तीची मिनिटं कंपनी स्वतःच्या खिशातून देत नाही, ती तुमच्या जोखमीतून येतात. युरोपातलं ईएन १३३१९ हे मानक अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकावर मिरवतं. ते फक्त खोली आणि वेळ बरोबर मोजली जाते का, एवढंच तपासतं. डीकम्प्रेशनचा आकडा त्या मानकाच्या कक्षेत येतच नाही. पडद्यावरची ‘अजून १२ मिनिटं’ ही हमी नसून एका गणिताचा अंदाज आहे, आणि ते गणित तुमच्या देहाचं नाही, एका कल्पित देहाचं आहे.

तुमचं वय, वजन, रात्रीची अपुरी झोप, यातलं त्याला काही कळत नाही. रमजानमध्ये रोजा ठेवून डाइव्ह करायचा विचार असेल, तर तेही त्याला कळत नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की डीकम्प्रेशनचा धोका वाढतो, असं डाइव्हिंगचे डॉक्टर सांगतात. समुद्र ईदनंतरही तिथंच असतो. एरवीही सेटिंग एक पायरी सावध ठेवावं, ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा चुकवू नये, आणि दोन जोडीदारांच्या यंत्रांत फरक पडला तर जो आधी वर बोलावतो त्याचं ऐकावं. सलग काही दिवस डाइव्हिंग केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये. पोर्ट ब्लेअरहून परतीचं तिकीट काढतानाच हे ध्यानात ठेवावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आपल्या किनाऱ्यावरच्या एका केंद्रात पर्यटकांचे व्हिडिओ काढायला महागडे कॅमेरे होते. पण दिवसभर पर्यटकांना घेऊन खाली-वर करणाऱ्या पोरांपैकी एकाच्याही मनगटावर कॉम्प्युटर नव्हता. खोली कमी आहे, हे मालकाचं उत्तर. पण पुन्हा पुन्हा वर येणं हा वेगळा धोका आहे, हे प्राथमिक कोर्समध्येच शिकवतात. मच्छीमारांच्या घरांतून आलेली ही पोरं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाण्याखाली जातात. त्यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

तेव्हा केंद्र निवडताना गाइडच्या मनगटाकडे बघा, आणि ते रिकामं असेल तर का, ते मालकाला विचारा. यंत्र घेण्याआधी त्याचं मॅन्युअल इंटरनेटवरून उतरवून वाचा. ते दोन बैठकांत समजलं नाही, तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही. आणि पुढे-मागे नवा कॉम्प्युटर घेतलात, तर जुना कपाटात टाकू नका. सेल बदला, दोन-चार दिवस पाण्यापासून दूर ठेवून त्याच्यातली तुमची बाकी शून्य होऊ द्या, आणि अशा एखाद्या पोराला, वापरायचा कसा ते नीट समजावून, देऊन टाका.